आईच्या नावावरचा ब्रश

"डॉक्टर, बॅटरीचा ब्रश चांगला की साधा?"

हा प्रश्न मला रोज किमान चार जण विचारतात, तेही खुर्चीत आडवं होऊन तोंड उघडायच्या आधी. उत्तर मनासारखं मिळालं तर तोंड उघडायची वेळच येणार नाही, अशी त्यांची समजूत असावी. पूर्वी मी हसून म्हणायचे, "जो रोज हातात घ्याल तो चांगला." आता नीट उत्तर देते. चारशे बारा माणसांचे दात दोन वर्षं तपासून ते काढलेलं आहे आणि ते खरं आहे. ते काढताना आमच्या घरात काय झालं, एवढं मात्र मी पेशंटना सांगत नाही. इथे सांगते.

मी गीतांजली पोतदार, मिरजेतल्या एका दंतमहाविद्यालयात शिकवते. मिरजेत दगड भिरकावला तर तो डॉक्टरला नाहीतर पेशंटला लागतो, असं आमचे अण्णा म्हणतात. अण्णा म्हणजे माझे वडील, मुरलीधर पोतदार. त्यांच्या वडिलांनी सोनं घडवलं, अण्णांनी मेण आणि अॅक्रिलिक. पंचेचाळीस वर्षं त्यांनी कवळ्या केल्या. आता यंत्र वीस मिनिटांत कवळी छापून देतं. पण सत्तरीपुढच्या माणसाची हिरडी वेडीवाकडी झिजते, छापील कवळी कुठेतरी टोचते आणि मग गावातले निम्मे डॉक्टर ती अण्णांकडे पाठवायचे. अण्णा घराच्या पुढच्या खोलीत बसून केसाएवढा भाग खरवडायचे आणि कवळी बसायची. ते खरवडणं कुठल्या यंत्राला अजून जमलेलं नाही.

आमची आई शालन. जतकडची. तिच्याबद्दल सांगायचं तर मिश्रीपासून सुरुवात करावी लागेल. पंधराव्या वर्षी तिची दाढ दुखली तेव्हा कुणीतरी तव्यावर काळी भाजलेली तंबाखू कुटून दिली, तिने ती बोटाने हिरडीला चोळली आणि दाढ राहिली. दाढेबरोबर मिश्रीही राहिली. सकाळी मागच्या दारी बसून मिश्री लावल्याशिवाय तिचं पोट साफ होत नसे. मी दंतवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला असताना तोंडाच्या कर्करोगाचे फोटो पहिल्यांदा बघितले, त्याच आठवड्यात घरी येऊन तिची मिश्रीची डबी गटारात ओतली आणि नको नको ते बोलले. दोन महिने मी तिच्याशी अबोला धरला होता. शेवटी तिने "तुझ्या गळ्याशपथ, सोडली" असं म्हटलं तेव्हा बोलले. माझ्या रागाला आमच्या घरात सगळेच भितात, आणि मला त्याचा तेव्हा अभिमान होता.

दोन हजार अडतीस सालच्या पाडव्याला आमच्या महाविद्यालयाने ब्रशचा अभ्यास सुरू केला. प्रश्न जुनाच. बॅटरीच्या ब्रशचं डोकं मिनिटाला हजारो वेळा उलटसुलट फिरतं. दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर ते स्वतःच काढतं, हाताने फक्त ते दातावरून दातावर न्यायचं. साध्या ब्रशचं सगळं हातावर. हात चांगला तर दात चांगले, हात कंटाळला तर मागच्या दाढा उपाशी. खरी तुलना करायची तर माणूस घरी खरंच घासतो का, हे कळायला हवं. कारण दातांच्या डॉक्टरशी जेवढं खोटं बोललं जातं तेवढं पोलिसांशीही बोललं जात नसेल. म्हणून दोन्ही प्रकारच्या ब्रशच्या दांड्यात एक चिप बसवली. किती वाजता घासलं, किती वेळ, कुठल्या बाजूला, किती जोर लावून, सगळं ती नोंदवायची.

सहा महिन्यांनी पुण्याच्या एका संशोधन संस्थेतली मंडळी साध्या ब्रशच्या नोंदी मागायला आली. त्यांचा विषय कंपवात, म्हणजे पार्किन्सन. या आजारात मेंदूतल्या ठरावीक पेशी हळूहळू मरतात आणि हात थरथरायला लागेपर्यंत निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. पण थरथर यायच्या दोन-तीन वर्षं आधी एक बारीक बदल होतो: तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा केली की ती लहान लहान होत जाते. पहिला फटका मोठा, दहावा आखूड. माणसाला स्वतःला कळत नाही, शेजारच्याला दिसत नाही, मेंदूच्या स्कॅनमध्येही काही निघत नाही. पण दात घासणं ही अशीच हालचाल आहे, रोज दोनदा, कुणी बघत नसताना केलेली. साध्या ब्रशच्या दांड्याला ती दिसत होती. बॅटरीच्या ब्रशला नाही. तिथे काम मोटार करते आणि तिच्या थरथरीत हाताचं काही उरत नाही.

हे कळून उपयोग होता, कारण त्याच सुमाराला एक औषध आलं होतं. मेलेल्या पेशी ते परत आणत नाही, पण उरलेल्या वाचवतं आणि आजार आहे तिथे थांबवतं. अट एकच. दांड्याने पहिली खूण दाखवल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते सुरू व्हायला हवं. नंतर दिलं तर नुसत्या उलट्या.

अभ्यासाला दोन नियम होते. तोंड तपासणाऱ्याला कुणाच्या ब्रशच्या नोंदी बघायच्या नाहीत आणि ब्रशच्या नोंदी बघणाऱ्याला कुणाचं तोंड. म्हणजे कुणाचं मत कलत नाही. दुसरा नियम असा, की ब्रश घासल्याची नोंद ठेवतो एवढंच भाग घेणाऱ्यांना सांगायचं; दांडा हाताची चाल ओळखतो हे अभ्यास संपेपर्यंत सांगायचं नाही. कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस परीक्षेला बसल्यासारखा घासतो. हे दोन्ही नियम चांगले होते. दोन्हींना माझा हात वर होता.

सुरुवातीला माणसं मिळेनात, म्हणून मी घरापासून सुरुवात केली. संगणकाने चिठ्ठ्या टाकल्या. एकशे शेहेचाळीस नंबर अण्णांचा, त्यांना बॅटरीचा ब्रश. एकशे सत्तेचाळीस आईचा, तिला साधा.

"या हातानं गावाचे दात बसवले आणि माझे घासायला मोटार व्हय?" अण्णा म्हणाले. "मला साधाच दे की गं."

"बदलता येत नाही, अण्णा. संगणकाने दिलाय."

आई काहीच बोलली नाही. ब्रश घेतला, फळीवर ठेवला आणि चहा टाकायला गेली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आमची आई गप्प बसणाऱ्यातली नाही.

मी ब्रशच्या नोंदी बघत असे आणि माझे सहकारी डॉ. सदामते तोंडं तपासत. पहिल्याच महिन्यात एकशे सत्तेचाळीस नंबरने माझं लक्ष वेधलं. प्रत्येक दाताला सारखा वेळ, हिरडीच्या कडेशी हलका जोर, आतल्या बाजूला ब्रश उभा धरून छोटे फटके. इतका सुबक हात चारशे जणांत दुसरा नव्हता. मी तो आलेख नाव झाकून विद्यार्थ्यांना दाखवायचे. आपल्या आईने वीस वर्षांनी का होईना आपलं ऐकलं, या आनंदात मी एकदा फोनसुद्धा केला.

"आई, किती छान घासतीस गं!"

"बरं बरं," आई म्हणाली. "जेवलीस का?"

चौदाव्या महिन्यात त्या आलेखावर लाल खूण आली. वरच्या डाव्या दाढांपाशी पहिला फटका एकोणीस मिलिमीटरचा होता आणि दहावा अकराचा. मी सगळ्या जुन्या नोंदी काढून पुन्हा मोजल्या. तीन आठवड्यांपासून तसंच होत होतं. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि रडले.

मेंदूविकाराच्या डॉ. समीना मुजावर शांत बाई. त्यांनी आईला तपासलं, हात वळवून बघितले, चालायला लावलं. काही सापडलं नाही, सापडणारही नव्हतं. दांड्याचं भाकीत शंभरात चौऱ्याण्णव वेळा बरोबर येतं, आणि वाट बघत बसलं तर औषधाची वेळ जाते. त्यांनी औषध सुरू करायचं ठरवलं, आणि मी मुलगी म्हणून सही केली.

घरी सांगायचं काम माझ्याकडे होतं. आई-अण्णा दोघंही समोर बसले होते.

"आई, तुझ्या तपासणीत कंपवाताची सुरुवात निघालीय. पण लवकर सापडलंय, औषध आहे."

"थुंकीत निघालं काय?" आईने विचारलं. दर तीन महिन्यांनी आम्ही सगळ्यांची लाळ तपासायला घेत असू.

"तपासणीत निघालं," मी म्हणाले.

नियम होता. आणखी एक वाक्य बोलले असते, की ब्रशच्या दांड्यावरून निघालं, तर त्या दोघांनी तिथल्या तिथे एकमेकांकडे बघितलं असतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं. मी ते वाक्य बोलले नाही. अण्णांनी आईचा हात हातात घेतला आणि तो थरथरतो का ते बघत बसले. बघायला हवा होता तो हात दुसरा होता.

औषध महिन्यातून एकदा, सलाइनमधून. पहिले दोन दिवस आई उलट्या करून आडवी पडायची. तिसऱ्या महिन्यात तिच्या जिभेची चव गेली. आमटी कधी अळणी, कधी खारट. अण्णा तोंड वाकडं न करता जेवायचे आणि वर मागून घ्यायचे. इतकं सोसूनही दांड्यावरची चाल सुधारेना. दर महिन्याला फटके आणखी आखूड. डॉ. मुजावर म्हणाल्या, काहींना जास्त मात्रा लागते. मात्रा दुप्पट केली. आईचं वजन अकरा किलोंनी उतरलं. ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागले.

एका रविवारी मी गेले तर तिने पाटावर शेवया वळायला घेतल्या होत्या. बारीक, एकसारख्या, दोऱ्यासारख्या.

"बघ की," ती म्हणाली, "हात तर चांगला हाय माझा. सुईत दोरा ओवून दाखवू का? हे औषध बंद कर की गं. मला सोसवंना झालंय."

"आई, सुरुवातीला कळत नसतं गं. आम्हाला दिसतंय ना."

"तुम्हाला दिसतंय म्हणजे असंल," ती म्हणाली आणि शेवया तशाच टाकून आत जाऊन पडली. मी त्या पाटावरच्या शेवयांकडे बघितलं. हातभर लांब शेवया होत्या आणि एकही कुठे तुटली नव्हती. तरी माझा विश्वास आलेखावरच होता. आम्हा शिकलेल्या माणसांचं असंच असतं.

चाळीस सालच्या पाडव्यानंतर अभ्यास संपला. नियमाप्रमाणे त्या दिवशी डॉ. सदामतेंच्या तोंडाच्या नोंदी आणि माझ्या ब्रशच्या नोंदी पहिल्यांदा एकत्र केल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते. उत्तर पाच मिनिटांत समोर आलं. बॅटरीच्या ब्रशवाल्यांच्या दातांवरचा थर एक पंचमांशाने कमी, हिरड्यांतून रक्त येणं जवळजवळ निम्मं. ज्यांचा हात मुळात चांगला त्यांना साध्या ब्रशनेही तेवढंच साधत होतं. पण असे हात थोडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी भडंग आणायला गेलं.

मग संगणकाने न जुळणाऱ्या नोंदींची यादी दिली. पहिलंच नाव एकशे सत्तेचाळीस. ब्रश करण्याची नियमितता शंभरात नव्व्याण्णव. दातांवरचा थर चारशे बारांत सर्वांत जास्त. शेजारी डॉ. सदामतेंनी आठही तपासण्यांत एकच शब्द लिहिला होता: मिश्री.

त्याच्या खालचं नाव एकशे शेहेचाळीस. बॅटरीचा ब्रश, रोजची ठरलेली दोन-दोन मिनिटं, आणि चारशे बारांत सर्वांत स्वच्छ तोंड.

मी दोघांच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्या. शेहेचाळीसचा ब्रश सकाळी सहा दहाला थांबायचा, सत्तेचाळीसचा सहा बाराला सुरू व्हायचा. रोज. गेल्या मार्गशीर्षात अण्णा एका लग्नासाठी तीन दिवस कराडला गेले होते आणि आई घरीच होती. त्या तीन दिवसांत दोन्ही ब्रश बंद होते.

भडंग आलं होतं. मी कुणाला काही न सांगता रिक्षा करून घरी गेले.

आई आदल्या दिवशीच्या सलाइननंतर आतल्या खोलीत झोपली होती. अण्णा पुढच्या खोलीत एक कवळी घासत बसले होते. मी दार लोटलं.

"अण्णा, आईचा ब्रश कोण वापरतं?"

त्यांनी कवळी खाली ठेवली, आतल्या खोलीकडे बघितलं आणि चोरी पकडल्यावर पोरं हसतात तसे हसले.

"रागवू नकोस हां. तिची मिश्री काही सुटली न्हाई गं. तुला कळलं तर पुन्हा बोलायची न्हाईस म्हणून भितीया. म्हणाली, तो ब्रश कोरा राहिला तर पोरीला कळंल. म्हटलं, आण इकडं, मी घासतो. एवीतेवी मला साधाच ब्रश पाहिजे होता. माझी मोटार झाली की तिचा घ्यायचो. बघ, दात कसे लखलखत्यात."

त्यांनी ओठ वर करून दात दाखवले. ते खरंच फार सुंदर होते.

"दोन्ही वेळा? रोज?"

"रोज. काम म्हटल्यावर नीट करायला नको? काय झालं, तुमचे आकडे बिघडले व्हय?"

"अण्णा, तो ब्रश आणा आणि मला घासून दाखवा."

त्यांना गंमत वाटली. त्यांनी ब्रश आणला, पाणी न लावताच घासायला सुरुवात केली. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते. चारेक फटके चांगले गेले. मग प्रत्येक फटका आधीच्यापेक्षा थोडा आखूड. वळताना हात क्षणभर अडत होता. दहा महिने मी हा हात रोज सकाळी संगणकावर बघितला होता, त्याआधी वर्षभर विद्यार्थ्यांना दाखवून मिरवला होता, आणि तो माझ्या बापाचा आहे हे मला ओळखू आलं नव्हतं.

"हल्ली काम जमतं का?" मी विचारलं.

"ह्या महिन्यात दोन कवळ्या तुटल्या हातात. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक." मग माझा चेहरा बघून त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. "काय हाय ते सरळ सांग, गीता."

मी सांगितलं. दांडा काय ओळखतो, खूण केव्हा आली, औषध केव्हा सुरू व्हायला हवं होतं. सहा महिन्यांची मुदत संपून चार महिने झाले होते, हेही सांगितलं. सांगताना माझा आवाज फुटला तेव्हा त्यांनी आतल्या दाराकडे बोट करून मला हळू बोलायची खूण केली.

बराच वेळ ते आपला उजवा हात गुडघ्यावर पालथा ठेवून बघत होते.

"म्हणजे तिला काहीच झालेलं न्हाई?"

"नाही."

"आणि ते जहर ती फुकट घेतीया दहा महिने?"

"हो."

"आजपासून बंद?"

"आत्तापासून बंद."

"बास मग," अण्णा म्हणाले. "तिला एवढंच सांग, की औषध लागू पडलं, बरी झालीस."

"अण्णा, मी तिला खोटं सांगू?"

"खरं सांगून काय करशील? तिच्या मिश्रीपायी माझा हात गेला, असंच तिच्या डोक्यात बसंल. मिश्री सोडंल ती, आणि जेवण बी सोडंल. मी तिला ओळखतो. मी असेस्तोवर तरी हे तिच्या कानावर पडू द्यायचं न्हाई. आण घे माझी."

"चूक तिची नाहीच मुळी. चूक माझी आहे. मी तुम्हा दोघांना एवढं भिववून ठेवलं नसतं तर—"

"तुझी तर तुझी," ते म्हणाले. "वाटून घेऊ. तिच्या वाट्याला तेवढी घालू नको."

मी डॉ. मुजावरांना गाठलं. त्या ऐकून खुर्चीत मागे टेकल्या. तरीही औषध देऊन बघा, म्हणून मी हात जोडले. त्यांनी मला उशिरा औषध दिलेल्या तीस जणांचे कागद दाखवले. एकालाही गुण नव्हता. अण्णांनी तर ऐकूनच नाही म्हटलं. म्हणाले, शालनचं बघितलंय मी.

आईला मी सांगितलं की औषध लागू पडलं. तिला खरंच बरं वाटायला लागलं, कारण औषध बंद झालं होतं. तीन आठवड्यांनी एका सकाळी तिने चिंच चाखली आणि "आंबट लागतीया गं!" म्हणून फोनवर ओरडली. आळीत पेढे वाटले. डॉ. मुजावरांना एक डबा वेगळा. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, त्यांना खाववेना. मलाही खाववला नाही.

आमचा शोधनिबंध इंग्रजीत छापून आला. "शालनला कळेल का गं?" अण्णांनी विचारलं. मी म्हणाले, आमचे निबंध आमच्याशिवाय कुणी वाचत नाही. त्यात तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे: नोंदी विश्वासार्ह नसल्याने दोन सहभागी वगळले. त्या दोघांचे दात आणि हात सगळ्या हिशेबातून गेले, आणि निष्कर्ष तसूभरही बदलला नाही. मिश्रीबद्दल मी आईला अजून विचारलेलं नाही. दर तीन महिन्यांनी डॉ. सदामते तिच्या गालांची आतली बाजू नीट बघतात, ते माझ्या सांगण्यावरून. आता तिच्यावर रागवायचा अधिकार मला उरलेला नाही.

पुढच्या वर्षी अण्णांचा हात उघड थरथरायला लागला. आधी अंगठा, मग पंजा. कवळ्या येणं थांबलं. त्यांनी हत्यारं पुसून फडक्यात बांधली आणि डॉ. सदामतेंच्या हाती महाविद्यालयाला देऊन टाकली. आता ते बॅटरीचाच ब्रश वापरतात. मोटार चालू केली आणि हात नुसता दाताशी टेकवून धरला तरी काम होतं. ज्याचा हात चालत नाही त्याने बॅटरीचाच घ्यावा, हे मी पेशंटना आवर्जून सांगते.

परवाच्या रविवारी जेवायला गेले होते. अण्णांनी आमटीचा चमचा उचलला, तोंडापर्यंत नेईतो निम्मी आमटी सदऱ्यावर सांडली. आईने त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला, भात कालवला आणि घास भरवायला लागली. दोन घास झाले. तिसऱ्याला तिचा हात थांबला.

"माझं तेवढं वेळेवर सापडलं," ती म्हणाली. "मी बरी बी झाले. मग ह्यांचं कसं सापडलं न्हाई? दोघांची तपासणी एकाच दिवशी व्हायची की."

"अगं, सगळ्यांचं सापडतंच असं न्हाई," अण्णा म्हणाले.

"तुम्ही गप बसा." ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. जन्मात ती माझ्याशी अशा आवाजात बोलली नव्हती. "अख्ख्या गावाची तोंडं बघत हिंडतीस. आईचं बघितलंस. जलम देणाऱ्या बापाचा हात तुला दिसला न्हाई?"

अण्णांनी घास कसाबसा गिळला. त्यांचा उजवा हात ताटाच्या कडेवर वाजत होता. ते तोंड उघडून काही बोलणार, इतक्यात मी त्यांच्याकडे बघून नको म्हणून मान हलवली.

"नाही दिसला, आई," मी म्हणाले.